चॅलेंजर, मस्टँग की कॅमारो? मिशिगनमधील एका वाचकास उत्तर

प्रश्न : मी मूळचा सोलापूरचा असून गेली १४ वर्षे नोकरीनिमित्त मिशिगनमध्ये, नोव्हाय येथे राहतो. घरी पत्नी, १२ आणि ९ वर्षांची दोन मुले आणि रोजच्या वापराची एक मोठी एसयूव्ही आहे. आता दुसरी गाडी म्हणून जुन्या धाटणीची अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची दोन दारी ताकदवान गाडी, घेण्याचे आम्ही ठरवले आहे. हाताशी ३५,००० डॉलर आहेत, त्यामुळे गाडी वापरलेलीच घ्यावी लागेल. डॉज चॅलेंजरचा रुंद चेहरा, खोल बसवलेले चार गोल दिवे आणि लांबलचक बॉनेट मला फार पूर्वीपासून आवडते. रस्त्यात दिसली की मी मान वळवून पाहतो. मित्र मात्र सांगतात की शेवरोले कॅमारो अधिक वेगवान आहे आणि फोर्ड मस्टँग अधिक शहाणपणाची आहे. आम्हा चौघांना उन्हाळ्यातील रविवारी फिरायला आणि ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ या हौशी गाड्यांच्या मेळाव्याला जाता यावे, एवढीच अपेक्षा आहे. हिवाळ्यात गाडी गॅरेजमध्येच राहील. रूप, ताकद आणि किंमत यांचा मेळ कोणत्या गाडीत बसतो? आणि पुढेमागे भारतात परतलो तर ती सोबत नेता येईल का?
— एक वाचक, नोव्हाय

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात चॅलेंजरचे वर्णन तुमच्या स्वतःच्या डोळ्यांनी केलेले आहे, तर उरलेल्या दोन गाड्यांविषयी फक्त मित्रांची मते आली आहेत. कोणती गाडी आवडते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या आवडीची किंमत किती आणि ती तुमच्या कुटुंबाला परवडते का, हे मी सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल. या तिन्ही गाड्यांत रूप हा वरून चढवलेला साज नाही. कोणत्या जुन्या गाडीची आठवण किती निष्ठेने जपायची याचा जो निर्णय प्रत्येक कंपनीने घेतला, त्यावरच मागच्या सीटची जागा, डिकीचे तोंड, काचांची उंची आणि गाडीचे वजन ठरले आहे. म्हणून रूपाचा विचार आधी आणि सविस्तर करू.

मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली आणि तिची सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर होती, म्हणजे पहिल्या नोकरीतील तरुणालाही तिचे स्वप्न पाहता येत होते. तिला उत्तर म्हणून शेवरोलेने १९६७ च्या हंगामासाठी कॅमारो आणली, आणि डॉजची चॅलेंजर १९७० साली, बरीच उशिरा आली. विम्याचे वाढते हप्ते, धूर-नियंत्रणाचे नवे नियम आणि १९७३ चे तेलसंकट या तिन्हींचा मार एकदम बसल्यामुळे १९७४ नंतर ती चॅलेंजर बंदही झाली. मस्टँग या सगळ्यातून तगली, पण तिचे मूळ रूप पुढच्या पिढ्यांत विरत गेले. ते परत आले २००५ च्या मस्टँगमध्ये. पुढे झुकलेले नाक, बाजूच्या पत्र्यावरील खोलगट रेष, मागे प्रत्येक बाजूस तीन उभे दिवे आणि फास्टबॅक पद्धतीचा उतरता छत, अशी १९६० च्या दशकातील सगळी ओळखीची चिन्हे तिच्यावर होती. ती इतकी खपली की डॉज आणि शेवरोले या दोघांनीही जानेवारी २००६ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात आपापल्या जुन्या नावांच्या नमुना-गाड्या मांडल्या.

पुढे २०१५ मध्ये मस्टँगची नवी पिढी आली तेव्हा फोर्डला ती युरोप, ऑस्ट्रेलिया आणि आशियातही विकायची होती, त्यामुळे जुन्या खुणा पुष्कळशा सौम्य केल्या गेल्या. तीन उभे दिवे आणि लांब बॉनेट राहिले, बाकी गाडी आजच्या काळातील एक देखणी कूपे झाली. मला ती आवडते, परंतु चॅलेंजरवर जीव जडलेल्या माणसाला ती पाहून तसे समाधान होणार नाही.

कॅमारोचा आदर्श १९६९ सालची कॅमारो हा होता. २०१० च्या हंगामासाठी ती बाजारात आली तेव्हा तिचा रागीट, खाली ओढलेल्या भुवयांसारखा चेहरा आणि मागच्या चाकापुढील कल्ल्यांसारख्या चिरा यांनी लोकांना भुरळ घातली. त्या वर्षापासून २०१४ पर्यंत अमेरिकेत तिने विक्रीत सलग मस्टँगला मागे टाकले. मात्र हे रूप साधण्यासाठी दारांची कड फार उंच आणि छत फार ठेंगणे ठेवावे लागले. २०१६ च्या पिढीत गाडी लहान आणि हलकी झाली, तरी हा दोष गेला नाही. तिच्यात बसल्यावर बाहेरचे जग किल्ल्याच्या तटातील जंगीतून पाहावे तसे दिसते. लेन बदलताना मागच्या कोपऱ्यात गाडी आहे की नाही हे आरशांच्या भरवशावरच ठरवावे लागते. डिकी अवघी ९.१ घनफूट असून तिचे तोंड इतके अरुंद आहे की चौघांचे एका रात्रीचे सामान ठेवतानाही कसरत होईल.

चॅलेंजरने याच्या अगदी उलट मार्ग धरला. तिच्या रचनाकारांनी १९७० ची गाडी समोर ठेवून तिची प्रमाणेच उचलली : खोल बसवलेल्या जाळीतील चार गोल दिवे, मागे गाडीभर पसरलेली लाल दिव्यांची पट्टी, मागच्या चाकावर फुगलेला खांदा आणि बाजूने आरपार जाणारी एक धारदार घडी. २०१५ मध्ये तिचा चेहरा १९७१ च्या गाडीप्रमाणे दुभागलेल्या जाळीचा झाला आणि मागचे दिवेही दुभागले. प्लम क्रेझी हा जांभळा आणि गो मँगो हा नारिंगी, असे जुन्या काळातील गाजलेले रंगही डॉजने मूळ नावांसह पुन्हा दिले. एका ठिकाणी मात्र मूळ गाडीशी फारकत आहे : १९७० च्या चॅलेंजरला दाराच्या काचेमागे खांब नव्हता, त्यामुळे सगळ्या काचा खाली केल्या की बाजू पूर्ण मोकळी होई. नव्या गाडीला खांब आहे आणि मागची काच उघडत नाही. मुलांना मागे बसवणार असाल तर भर उन्हाळ्यात ही गोष्ट जाणवेल.

डॉजला हे रूप इतके जुळवता आले याचे कारण तिच्या खाली असलेल्या सांगाड्यात आहे. क्रायस्लर ३०० आणि डॉज चार्जर या मोठ्या चार दारी गाड्यांच्याच सांगाड्यावर, थोडी लांबी कमी करून, चॅलेंजर उभी केली गेली. तिच्या दोन चाकांमधील अंतर ११६ इंच आहे, म्हणजे मूळ गाडीपेक्षाही सहा इंच जास्त. गाडी मोठी असल्यामुळे मागे तीन पट्ट्यांची, खऱ्या अर्थाने बसण्यायोग्य सीट आहे आणि पाय ठेवायला ३३ इंचांची जागा आहे. मस्टँगमध्ये ती २९ आणि कॅमारोत सुमारे ३० इंच आहे. डिकी १६.२ घनफूट, तर मस्टँगची १३.५. तुमचा मोठा मुलगा किंवा मुलगी आज १२ वर्षांची आहे. दोन वर्षांत ते मूल मस्टँगच्या मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसेल, आणि मग ‘चौघांनी फिरायला जाऊ’ या कल्पनेतून ते आपणहून अंग काढून घेईल. गाडी घेण्याचा तुमचा हेतूच चौघांचा असल्यामुळे मी या दोन-चार इंचांना शंभर अश्वशक्तीपेक्षा अधिक महत्त्व देतो.

आता ताकदीविषयी. तुमच्या मित्रांचे म्हणणे खरे आहे. २०१६ नंतरची कॅमारो एसएस ६.२ लिटरच्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनातून ४५५ अश्वशक्ती देते, तिचे वजन सुमारे ३,७०० पौंड, म्हणजे १,६८० किलोच्या आसपास आहे आणि शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग ती चार सेकंदांत गाठते. पण तिचा खरा गुण सरळ रस्त्यावरचा वेग हा नव्हे. तिचा सांगाडा कॅडिलॅकच्या एटीएस या वळणांवर चपळ असलेल्या सेडानवरून घेतलेला आहे, आणि घाटासारख्या रस्त्यावर या तिघींत तीच सर्वांत निर्धास्त वाटते. मस्टँग जीटी २०१८ पासून ४६० अश्वशक्तीची आहे आणि दहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह कॅमारोच्या बरोबरीने पळते. २०१४ पर्यंतच्या मस्टँगला मागे अखंड आस होता, जो खडबडीत वळणावर गाडीला उडवत असे. २०१५ पासून मागची चाके स्वतंत्र झाली आणि हा फरक पहिल्या खड्ड्यातच कळतो. चॅलेंजरमध्ये दोन व्ही-८ तुमच्या विचारात घेण्याजोगी आहेत : ५.७ लिटर हेमीची (हे डॉजच्या या व्ही-८ इंजिनाचे नाव) आर/टी, जी सुमारे ३७५ अश्वशक्ती देते, आणि ६.४ लिटर हेमीची स्कॅट पॅक, जी ४८५ देते. स्कॅट पॅक चार सेकंदांपेक्षा किंचित जास्त वेळात साठ गाठते, आर/टी सुमारे पाच सेकंदांत. ७०७ अश्वशक्तीची हेलकॅट तुमच्या रकमेत बसत नाही आणि बसली असती तरी मी नको म्हटले असते.

चॅलेंजरचे वजन मात्र ४,२०० पौंडांच्या घरात जाते. ती वळणावर झुकते, ब्रेकवर नाक खाली करते, आणि पार्किंगमध्ये तिची रुंदी सतत लक्षात ठेवावी लागते. पण लांब, सरळ रस्त्यावर तिच्यासारखी शांत आणि ऐसपैस गाडी या तिघींत दुसरी नाही. आय-७५ महामार्गावरून उत्तरेला मॅकिनॉपर्यंत चार तास जायचे असेल तर कॅमारोतून उतरणारा माणूस दमलेला असेल आणि चॅलेंजरमधून उतरणारा नसेल. तुम्ही रेसट्रॅकचा उल्लेखही केलेला नाही. ज्या वेगाचा तुम्हाला कधी उपयोगच करायचा नाही, त्यासाठी मुलांच्या पायांची जागा देऊ नये.

किमतीचा हिशेब करताना ३५,००० ही गाडीची किंमत धरू नका. मिशिगनचा विक्रीकर सहा टक्के आहे, आणि वापरलेल्या मसल कारचे टायर बहुधा विकणाऱ्याने संपवत आणलेले असतात. गाडीसाठी ३०,००० ही वरची मर्यादा ठेवली तर कर धरून ३१,८०० होतात आणि टायर, ब्रेक व पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी ३,२०० हाती राहतात. एकेकाळी या गाड्या नव्याच स्वस्त होत्या. २०१० ची व्ही-६ कॅमारो नवी असताना २३,००० डॉलरच्या आत सुरू होत असे. आता कॅमारो आणि चॅलेंजर या दोन्हींचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले आहे. व्ही-८ सह नवी मिळणारी फक्त मस्टँग उरली असून २०२४ च्या जीटीची किंमतच ४२,००० च्या पुढे सुरू होत होती. त्यामुळे चांगल्या स्थितीतील वापरलेल्या गाड्या फार स्वस्त होतील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. पेट्रोलच्या बाबतीत तिघींचेही शहरातील ॲव्हरेज गॅलनला १५-१६ मैलांच्या आसपास आहे, पण आर/टीला ८९ ऑक्टेनचे मध्यम दर्जाचे पेट्रोल चालते, तर स्कॅट पॅकला महागडे प्रीमियमच लागते.

सुरक्षिततेविषयी जे सांगणार आहे ते कृपया पत्नीसोबत बसून वाचा. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०१६ मध्ये या तिन्ही गाड्यांची टक्कर-चाचणी घेतली आणि एकीलाही आपले सर्वोच्च मानांकन दिले नाही. समोरच्या कोपऱ्यावर होणाऱ्या धडकेत कॅमारो चांगली ठरली, मस्टँग स्वीकारार्ह ठरली आणि चॅलेंजर काठावर राहिली. चॅलेंजरमध्ये चालकाच्या पायाजवळचा पत्रा असा चेपला की चालकाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्याचा पाय त्यात अडकून बसला. एकूण निकालात मस्टँग पुढे होती. पण मागच्या सीटचा विचार केला तर मस्टँगही निर्दोष नाही : युरो एनकॅप या युरोपातील टक्कर-चाचणी संस्थेने २०१७ च्या सुरुवातीस तिला पाचपैकी दोनच तारे दिले, आणि मागे बसणाऱ्यांचे अपुरे संरक्षण हे त्याचे एक कारण होते. पुढे आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आल्यावर तिला तिसरा तारा मिळाला. म्हणजे ‘मुलांसाठी मस्टँग सुरक्षित’ असे कोणी सांगितले तर ते पूर्ण खरे नाही, आणि ‘चॅलेंजर मोठी आहे म्हणून सुरक्षित’ हे तर अजिबातच खरे नाही. मुलांची रोजची शाळा, शिकवण्या आणि रात्रीचा फ्रीवे यांसाठी एसयूव्हीच वापरायची, हे तुम्ही दोघांनी आधी ठरवावे. ते तुम्हाला जमणार नसेल तर माझा सल्ला बदलतो आणि मी या तिन्ही गाड्यांपासून दूर राहा असेच सांगेन.

हे पाळता येणार असेल तर २०१५ किंवा त्यानंतरची चॅलेंजर आर/टी घ्या. २०१५ हे वर्ष यासाठी, की त्या वर्षी आतील डॅशबोर्ड पूर्ण बदलला आणि जुन्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकच्या जागी आठ गिअरचा उत्तम गिअरबॉक्स आला. शिवाय त्याआधीच्या बऱ्याच चॅलेंजर आणि २००५ ते २०१४ च्या मस्टँग टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलण्यासाठी निघालेल्या रिकॉलमध्ये आहेत. शेकर बॉनेटची आर/टी मिळाली तर दोन-एक हजार जास्त द्यायला हरकत नाही. त्या गाडीत हवा घेणारा काळा डबा थेट इंजिनावर बसवलेला असून बॉनेटच्या भोकातून वर येतो आणि इंजिन सुरू होताच त्याच्यासोबत थरथरतो. १९७० च्या गाडीतील ही करामत आजच्या गाडीत पाहण्याचे सुख तुमच्यासारख्या माणसाला कळेल. स्कॅट पॅक ३०,००० च्या आत मिळेलही, पण ती बहुधा अधिक चाललेली, अधिक पिळलेली आणि विम्याला महाग असेल.

विम्याच्या हप्त्याचा आकडा मात्र गाडी पाहायला जाण्यापूर्वी घ्या. मिशिगनमधील मोटार विमा देशातील सर्वांत महागड्यांपैकी आहे, आणि ताकदवान डॉज गाड्या चोरांच्या फार आवडीच्या असल्यामुळे हेलकॅट आणि स्कॅट पॅक यांच्यावर विमा कंपन्यांची नजर असते. व्हिन क्रमांक (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन आर/टी आणि स्कॅट पॅक या दोन्हींचा वार्षिक हप्ता विचारा. फरक कळल्यावर स्कॅट पॅकचा मोह बहुधा आपोआप ओसरेल. गाडी रात्री गॅरेजमध्येच ठेवावी.

गाडी पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याला ती आधी सुरू करू देऊ नका. इंजिन थंड असतानाच तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. हेमी इंजिनातून टिक-टिक असा आवाज आला आणि गाडी गरम झाल्यावर थांबला, तर बहुधा इंजिनातील धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा एखादा बोल्ट तुटलेला असतो. ती दुरुस्ती त्रासाची आहे, पण आवाक्यातली आहे. आवाज गरम झाल्यावरही राहिला किंवा इंजिन अडखळले, तर इंजिनाच्या झडपा उघडणारे लिफ्टर आणि कॅमशाफ्ट झिजल्याचा संशय घ्यावा आणि ती गाडी सोडून द्यावी, कारण तो खर्च हजारो डॉलरांत जातो. इंजिनावर कमी भार असताना या लिफ्टरच्या साहाय्याने चार सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा फक्त ऑटोमॅटिक आर/टीमध्ये आहे, सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये नाही. मॅन्युअल गाडी आवडत असेल तर तिच्या बाजूने हा एक मुद्दा धरा. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फासाठी मीठ पडते आणि त्याने पत्रा गंजतो, म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा, ब्रेकच्या नळ्या आणि मागचा सबफ्रेम पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. शक्य असेल तर जॉर्जिया किंवा टेनेसी या दक्षिणेकडील राज्यांतून आलेली गाडी शोधा. स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणीला नकार देणारा विक्रेता असेल तर बोलणे तिथेच थांबवावे. हिवाळ्यात गाडी बंद ठेवणार आहात, तरी एप्रिलमध्ये बाहेर काढण्याची घाई करू नका : अशा बऱ्याच गाड्यांवर असणारे उन्हाळी टायर सात अंश सेल्सियसच्या खाली कडक होतात आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरायला वेळ लागत नाही.

मस्टँग मी कोणाला सुचवली असती? ज्याला एकच गाडी ठेवायची आहे, मागे क्वचितच कोणी बसणार आहे आणि सुटे भाग व सर्व्हिस पुढची अनेक वर्षे सहज मिळावी असे ज्याला वाटते, त्याला २०१८ नंतरची जीटी मी डोळे झाकून घ्यायला सांगेन. दहा गिअरच्या ऑटोमॅटिकचे धक्के मात्र चालवून पाहूनच. एकट्याने वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवण्यात ज्याला आनंद आहे त्याने कॅमारो घ्यावी. तुम्ही दोघांपैकी कोणीच नाही.

वुडवर्ड ड्रीम क्रूझ ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेल ते पाँटिॲक या पट्ट्यात असते. गाडी घेण्यापूर्वी एक वर्ष फक्त पाहायला जाता आले तर जरूर जा, कारण तिथे तिन्ही गाड्यांचे मालक फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेले असतात आणि आपापल्या गाडीचे गुण जितक्या प्रेमाने सांगतात तितक्याच मोकळेपणाने दोषही सांगतात. मुलांना मागच्या सीटवर पाच मिनिटे बसू देण्याची विनंती केली तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

भारतात नेण्याविषयी : चॅलेंजर नेता येणार नाही. वापरलेली गाडी भारतात आणण्यासाठी ती उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांपेक्षा कमी जुनी असावी लागते आणि मुंबई बंदरातूनच यावी लागते. त्यावर जकात गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त पडते. चॅलेंजर उजव्या स्टिअरिंगसह कारखान्यातून कधी निघालीच नाही. तिघींपैकी फक्त मस्टँग तशी बनली, आणि फोर्डने २०१६ मध्ये ती भारतात सुमारे ६५ लाख रुपयांना अधिकृतपणे विकायलाही काढली होती. म्हणून सोलापुरात परतल्यावर मसल कार हवीच असेल तर भारतातच विकल्या गेलेल्या त्या मस्टँगपैकी एखादी शोधणे हाच सरळ मार्ग आहे. चॅलेंजर मिशिगनमध्येच विकून या. तिचे उत्पादन बंद झाले आहे, त्यामुळे नीट राखलेली, सर्व्हिसची सगळी बिले जपून ठेवलेली आर/टी घ्यायला तिथे गिऱ्हाईक मिळेल. ती बिले पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत चला.